जाताना म्हणायचे क्रियापद

रविवारी सकाळी बडोद्याच्या सुभानपुऱ्यात सेवउसळीच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, उत्कर्षा हातात स्टीलचा डबा घेऊन उभी होती, तेव्हा तिच्या पाठीमागे एक पुरुष फोनवर म्हणाला, "हा... हा. चालो, येते."

तिच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये, कण्याच्या किंचित डावीकडे, कोणी मार्करचे टोक टेकवून सावकाश खाली ओढावे तसे झाले. तसे होण्याला बाह्य कारण नव्हते. पाठीवर सुती कुर्ता होता, त्यावर ऊन होते, आणि मागे गर्दी असली तरी तिला कोणाचा धक्का लागलेला नव्हता. त्वचा काही लक्षात ठेवत नाही. लक्षात ठेवतो तो मेंदू, आणि तोही बेभरवशाने, हे ती नर्सिंग कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलींना दर वर्षी सांगत असे. तिने वळायला थोडा उशीर केला. शब्द नीट ऐकला का, हे आधी स्वतःशी ठरवून घ्यावेसे वाटले. ती वळली तेव्हा मागे चार-पाच पुरुष उभे होते आणि कोणाच्याही कानाशी फोन नव्हता. एकाच्या काखेत हेल्मेट होते. एक निळ्या चौकटीच्या शर्टातला, प्लेट हनुवटीपाशी धरून खात होता. एक वयस्कर, कापडी पिशवीवाला. दोघे कॉलेजातले असावेत, एकाच प्लेटवर वाकलेले. सगळे चेहरे उघडे होते, आणि नेमकी तीच अडचण होती.

वाक्यात दोष होता, आणि त्या दोषालाच अर्थ होता. मराठी पुरुष स्वतःबद्दल 'येतो' म्हणतो. तो 'येते' म्हणाला तर कोणा स्त्रीबद्दल बोलत असतो; बायको येते, बहीण येते, कामवाली येते. बडोद्यातला मराठी माणूस 'चालो' म्हणून गुजरातीत सुरुवात करतो आणि मराठीत संपवतो, यात नवल नाही. तिचे वडीलही तसेच बोलत. तेव्हा सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण असे, की मागच्या माणसाने फोनवर कोणाला तरी कळवले, ती येते आहे. जिथे साधे स्पष्टीकरण पुरते तिथे दुसरे शोधू नये, हा तिचा आवडता नियम होता. दुसरे स्पष्टीकरण एकच होते आणि त्याची संभाव्यता नगण्य होती. या जगात एक पुरुष असा होता, जो निरोप घेताना स्वतःविषयी 'येते' म्हणत असे, कारण मराठीतला तेवढाच शब्द त्याला येत होता आणि तो त्याने एका मुलीच्या तोंडून उचलला होता. ती मुलगी उत्कर्षा होती. त्या पुरुषाचे नाव मयंक होते. त्याचा चेहरा तिने कधी पाहिलेला नव्हता.

"बेन, तीखुं के मीडियम?" लारीवाल्या काकांनी विचारले.

"मीडियम. पप्पांचं तीखुं, जुदुं."

"थोडी वार लागशे हं. तरी चडे छे."

उसळीवरची लाल तरी अजून उकळत होती, आणि थांबण्याला आता एक अधिकृत कारण मिळाले होते. घरी मात्र थांबण्याचे कारण मिळालेले नव्हते. निघताना आईने विचारले होते, "त्या नंदेसरीवाल्यांना आज काय कळवायचं?" नंदेसरीवाले म्हणजे अमोघ नावाचा एक इंजिनिअर, जो नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात होता आणि ज्याच्यात आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते. दोन भेटी झाल्या होत्या. तो नीट ऐकत असे, नीट जेवत असे. "सांगते," उत्कर्षा म्हणाली. "सांगते, सांगते," पद्माबाई म्हणाल्या, "अगं, नाही म्हणायलापण काहीतरी कारण लागतं की नाही? पितो का? नाही. आईचं ऐकतो फार? तसंही नाही. मग मी फोनवर सांगू काय, की आमची मुलगी सांगते म्हणून गेली सेवउसळ आणायला?" वर्तमानपत्राआडून वडील, श्रीकृष्णराव, म्हणाले, "आधी उसळ येऊ दे. रिकाम्या पोटी होकार नको नि नकारही नको." कारण होते, पण ते उच्चारण्यासारखे नव्हते. एका माणसाची तिला वाट पाहावीशी वाटे, ज्याला ती रस्त्यात ओळखू शकली नसती. हे वाक्य आईपुढे ठेवण्याइतके शास्त्रशुद्ध नव्हते, आणि स्वतःपुढे ठेवण्याइतकेही नव्हते. म्हणून ती डबा घेऊन निघाली आणि दारात, रोजच्याप्रमाणे, म्हणाली, "येते."

घरातून निघताना 'जाते' म्हणायचे नाही, हे तिला कोणी शिकवल्याचे आठवत नव्हते. ते आपोआप येते, पाणी पिताना श्वास आपोआप थांबतो तसे. बाहेर मात्र सगळे 'आवजो' म्हणतात, आणि तीही म्हणते. या दोन शब्दांतला फरक तिला फार उशिरा कळला. मराठीत परत येण्याची जबाबदारी जाणारा स्वतःवर घेतो. गुजरातीत ती तो समोरच्यावर सोपवतो, तुम्ही या. दोन्ही अर्थातच पोकळ आहेत. दोन्हींच्या मागे कोणी उभे राहत नाही. हा फरक तिच्या लक्षात यायला एक वॉर्ड, एक म्हातारा आणि एक भाबडा मुलगा लागला होता.

करोनाच्या पहिल्या लाटेत कॉलेज बंद झाले तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती, आणि रुग्णसेवेचे प्रशिक्षण मोबाईलवर सुरू झाले. पडद्यावरच्या मॅडम सांगत त्याप्रमाणे तिने लोडाला अंथरुणातच अंग पुसून दिले, कूस बदलून दिली, चादर बदलली. आईचा रक्तदाब इतक्यांदा घेतला की ती म्हणाली, "तुझ्या अभ्यासानेच वाढेल एक दिवस." लोडाला ताप नसतो आणि तो कण्हत नाही, एवढे सोडले तर प्रशिक्षण यथासांग चालले होते. मग दुसरी लाट आली, आणि एप्रिलच्या उन्हात तिसऱ्या वर्षाच्या सगळ्या मुलींना, लोडावर शिकलेल्या, खऱ्या माणसांपुढे उभे करण्यात आले. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाचा मजला होता. खाटा इतक्या जवळ की दोघींना मधून जाता येत नसे. प्राणवायूच्या फुसफुशीखाली माणसांचे आवाज बुडून जात. पहिल्या दिवशी तिने एका बाईची नाडी पाहण्यासाठी मनगट धरले आणि तिला काहीच लागले नाही. हातांत दुहेरी हातमोजे होते. बोटाखाली स्वतःच्याच रक्ताचे ठोके लागत होते, आणि ते तिने त्या बाईचे म्हणून मोजले, मग भीतीने पुन्हा मोजले. नंतर ती यंत्राकडे पाहून आकडा लिहायला शिकली. ज्या स्पर्शासाठी तिने हा अभ्यासक्रम घेतला होता, तो स्पर्श सोडून बाकी सर्व तिला तिथे मिळाले.

पीपीई किट चढवताना प्रत्येकाला एक जोडीदार दिला जाई. आणंदकडच्या एका कॉलेजातून आलेल्या मुलांपैकी मयंक तिचा जोडीदार झाला. त्याने तिच्या मनगटावर चिकटपट्टी लावायची, तिने त्याच्या. त्याने तिच्या चष्म्याच्या कडा तपासायच्या, तिने त्याच्या. आणि शेवटी एकमेकांच्या पाठीवर मार्करने नाव लिहायचे, कारण त्या पांढऱ्या पोशाखात सगळे सारखे दिसत. त्याला तिचे नाव लिहायला वेळ लागे. गुजराती अक्षरांतले ते जोडाक्षर त्याला जमत नसे. तो थांबे, रफार कुठे द्यायचा याचा विचार करी, मग मार्कर पुन्हा टेकवी. त्या पोशाखाचा कागदासारखा थर, त्याखाली घामाने चिकटलेले सुती कपडे, आणि त्या सगळ्यांतून पाठीला लागणारे ते बोथट टोक. तो स्पर्श नव्हता. शास्त्रीय अर्थाने तो दाब होता. पण त्या महिन्यांत तिला तेवढाच दाब मिळाला, आणि रोज ती त्या जोडाक्षराची वाट पाहू लागली. तिने त्याच्या पाठीवर देवनागरीत लिहिले, वर, गुजराती अक्षरांना नसते ती, ठसठशीत रेघ ओढून. आरशात मान वळवून त्याने पाहिले. "मारा नाम उपर छापरुं केम मूक्युं?"

"आमच्यात असतं," ती म्हणाली. "नावाला पाऊस लागत नाही."

त्याचे हसणे तिला डोळ्यांच्या कोपऱ्यांत दिसले. बाकीचे तिने मनाने भरले.

खिडकीजवळच्या खाटेवर दत्ताजीराव होते. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी, मास्क बाजूला करून, प्राणवायूचा खर्च करून सांगितले. मयंक त्यांची नळी नीट करून निघताना म्हणाला, "काका, हुं जाउं छुं." दत्ताजीरावांनी हात वर केला.

"जाउं नाही बोलवानुं," ते धापेत म्हणाले. "इथून जे जातात त्यांचं निराळं."

मयंकने उत्कर्षाकडे पाहिले. तिने समजावले, "आमच्यात जाताना 'येते' म्हणतात."

"येते? एटले आवुं छुं?"

"हो."

"पण हुं तो जाउं छुं!"

"म्हणूनच. जाताना येते."

"तो आवो त्यारे शुं बोलो? जाते?" आणि मग फारच गंभीरपणे, टाचा जुळवून, तो म्हाताऱ्याला म्हणाला, "काका, येते."

दत्ताजीराव हसू लागले. त्यांच्या मास्कमध्ये वाफ दाटली, मॉनिटरवरचा आकडा घसरला आणि यंत्र ओरडू लागले. वॉर्डच्या प्रमुख वसुंधरा सिस्टर धावत आल्या. "कोणी हसवलं यांना? इथे प्राणवायू काय हसायला दिलाय?" म्हाताऱ्याने बोटाने मयंककडे दाखवले आणि कसेबसे म्हटले, "ही मुलगी... ही येते म्हणते." मयंकला त्यातले काही कळले नाही. गुजरातीत 'आवुं छुं' म्हणताना बाई आणि पुरुष असा भेद पडत नाही. क्रियापदालाही लिंग असते हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. उत्कर्षा सांगणार होती. पण दुसऱ्या दिवशी दत्ताजीराव सकाळपासून त्याच्या निघण्याची वाट पाहत होते, तिसऱ्या दिवशी शेजारची खाटही पाहत होती, आणि त्या मजल्यावर हसण्यासारखे दुसरे काहीही घडत नव्हते. शिवाय, हे तिने पुढे स्वतःशी मान्य केले, तिचे क्रियापद त्याच्या तोंडात तिला हवे होते. तिचा स्वतःचा असा एवढाच भाग त्याच्यापर्यंत पोहोचला होता, हातमोज्यांविना.

मग दत्ताजीरावांना वरच्या मजल्यावर न्यायचे ठरले. वरचा मजला म्हणजे काय, हे खाटेखाटेला माहीत होते. चाकांची खाट मयंकने ढकलली, सिलिंडर उत्कर्षाने. लिफ्टच्या दारात म्हाताऱ्याने मास्कखाली काहीतरी म्हटले. ओठ दिसत नव्हते, पण दोन अक्षरे होती, आणि पुल्लिंगी होती, असे तिला वाटले. ते आले नाहीत. त्यानंतर मयंकने कोणत्याही रुग्णाला 'येते' म्हटले नाही. शब्दाचा आणि प्राणवायूच्या पातळीचा संबंध नसतो, हे त्याला ठाऊक होते आणि तिलाही. तरी तो शब्द वॉर्डमधून बंद झाला. तो उरला फक्त बाहेरच्या बाजूच्या त्या चिंचोळ्या खोलीत, जिथे किट उतरवायचे.

उतरवणे चढवण्यापेक्षा धोक्याचे असते. क्रम चुकला की संसर्ग. म्हणून जोडीदाराने मोठ्याने क्रम सांगायचा आणि दुसऱ्याने तो पाळायचा. मयंक सांगे, "हवे ग्लव्ज." त्याच्या गुजरातीत 'हवे' म्हणजे आता. ती बाहेरचे हातमोजे काढी. "हवे सूट." ती चेन ओढून पोशाख स्वतःपासून बाहेरच्या बाजूला, गुंडाळत उतरवी, तिचे नाव आत गुंडाळले जाई. "हवे गॉगल." मग तिचे सांगणे आणि त्याचे पाळणे. त्यानंतर एकच पायरी उरे, ती सर्वांत शेवटची, आणि ती त्या खोलीत करायची नसे. मास्क दाराबाहेर काढायचा. दारे दोन होती. डावे मुलींच्या स्नानगृहाकडे, उजवे मुलांच्या. 'हवे मास्क' हे वाक्य त्यामुळे त्यांच्यात कधी बोलले गेले नाही. तिथे पोहोचल्यावर तो नुसते म्हणे, "येते," आणि उजवीकडे वळे. ती म्हणे, "येते," आणि डावीकडे. अंघोळ करून बाहेर आल्यावर तोंडावर नवा मास्क असे, आणि बाहेर दोन कॉलेजांच्या दोन बसगाड्या उभ्या असत.

एक दिवस आणंदच्या मुलांना परत बोलावले गेले. ते त्यालाही संध्याकाळपर्यंत माहीत नव्हते, असे नंतर कळले. दुपारी निघताना त्याने 'येते' म्हटले होते, रोजच्यासारखे. बस. त्याचा फोन क्रमांक पोस्टिंगच्या ग्रुपमध्ये होता. चित्राच्या जागी कुठला तरी डोंगर होता. तिने लिहिले नाही. लिहिले असते तर उत्तर आले असते, उत्तरामागून छायाचित्र आले असते, आणि तिला ते पाहायचे होते आणि पाहायचे नव्हतेही. झाकलेल्या चेहऱ्याचा उरलेला भाग मेंदू आपल्या सोयीने पूर्ण करतो आणि तो खऱ्याहून देखणा करतो, असे काही अभ्यासांत दिसले आहे; हे वाचल्यावर तिला शहाणे झाल्यासारखे वाटले आणि मुळीच बरे वाटले नाही. तिने त्याला सरळ, थोडी करडी हनुवटी दिली होती. शांत, मिटलेले ओठ दिले होते. वर्षभराने धीर करून तिने 'कसे आहात' असे लिहिले, तेव्हा तो क्रमांक आता ज्याच्याकडे होता त्या मकरपुऱ्यातल्या टायरवाल्याने कोणत्या गाडीचा टायर हवा ते विचारले. आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती पुतळ्यासमोर मुलींना तोच क्रम शिकवी. आता हातमोजे, आता सूट, आता गॉगल. शेवटच्या पायरीपाशी ती क्षणभर थांबे. मुली समजत, मॅडम महत्त्वाचा मुद्दा ठसवण्यासाठी थांबतात.

तिने पुन्हा लारीकडे पाहिले आणि एक डोळा मिटून, हात थोडा पुढे धरून, तळव्याने एकेका पुरुषाचा अर्धा चेहरा झाकला. हेल्मेटवाल्याच्या भुवया जुळलेल्या होत्या; नाही. कापडी पिशवीवाल्याचे वय जुळत नव्हते. निळ्या चौकटीच्या शर्टातला मान खाली घालून खात होता, डोळे दिसत नव्हते, पण हनुवटी आत गेलेली होती, वरचे दात किंचित पुढे, आणि तरीच्या तिखटाने ओठावर घाम आला होता. त्याला तिने तळवा न धरताच वगळले. आवाजाचा उपयोग नव्हता. मास्क आवाजातले वरचे स्वर गाळतो. तिने ऐकलेला मयंक हा गाळलेला मयंक होता. पाठीवरून ओळखता आले असते, पण पाठींवर नावे नव्हती. प्रयोग इथे संपत होता. निष्कर्ष: कोणा एकाची बायको येते आहे.

"बेन, तमारुं पार्सल."

तिने डबा घेतला आणि रस्त्यापलीकडे, कडुनिंबाखाली लावलेल्या स्कूटरपाशी गेली. डबा पायाशी ठेवून रोजच्या सवयीने ओढणी डोक्यावरून घेतली, नाकातोंडावरून फिरवली आणि मानेमागे घट्ट गाठ मारली. उन्हात स्कूटर चालवणाऱ्या या शहरातल्या सगळ्या मुली अशी बुकानी बांधतात. आरसा सरळ करताना तिला त्यात दोन डोळे दिसले. तिने आरशावरचा हात काढला नाही. इतका वेळ ती त्याचा चेहरा शोधत होती, आणि त्याच्यासमोर, तो तिथे असलाच तर, एका अनोळखी बाईचा उघडा चेहरा घेऊन उभी होती. तिचा जो चेहरा त्याने पाहिला होता, तो हा होता. निरीक्षणाची अर्धी बाजू तिने तपासलीच नव्हती.

ती रस्ता ओलांडून परत आली. छाती इतकी वाजत होती की बोट टेकवण्याची गरज नव्हती. लारीसमोर उभे राहून ती, जरुरीपेक्षा मोठ्याने, म्हणाली, "काका, येते."

रोज 'आवजो' ऐकणारे काका झारा हातात धरून बघत राहिले. "कोण आवे छे, बेन?"

कॉलेजातली मुले हसली. हेल्मेटवाल्याने पैसे पुढे केले. ती वळणार होती. घरी आई फोनपाशी बसली असेल, आणि तिला आता देण्याजोगे उत्तर मिळेल. तेवढ्यात निळ्या चौकटीच्या शर्टवाल्याने प्लेट लारीच्या कडेवर ठेवली. तो तिच्याकडे पाहत होता. आधी तिच्या डोळ्यांकडे, मग पुन्हा डोळ्यांकडेच, दुसरे काही पाहण्यासारखे नसल्याप्रमाणे. त्याने उजवा हात वर उचलला. बोटांना तरीचा लाल रंग लागलेला होता. तो तळवा त्याने नाकावर आणि तोंडावर आडवा धरला, आत गेलेली हनुवटी, पुढचे दात, सगळे झाकून, आणि तसाच उभा राहिला.

वर जे उरले, ते मयंकचे होते.

इतकी वर्षे जपलेली ती करडी हनुवटी, ते मिटलेले ओठ, तिला अजून दिसत होते, त्या लाल बोटांच्या पलीकडे, शेवटचे. तिचे हात मानेमागच्या गाठीपाशी गेले आणि तिथे थांबले.

तळव्याआडून, गाळलेल्या आवाजात, तो म्हणाला, "हवे मास्क."